जुना प्रिंटर, नवी विंडोज: ऑफिसातला ड्रायव्हर शोधावा, टाकावा आणि टिकवावा कसा

जुना लेझर प्रिंटर सहसा यंत्र म्हणून संपत नाही. टोनर भरला, कागद ओढणारा रोलर बदलला की तो पुन्हा कामाला लागतो. घोडं अडतं ते ड्रायव्हरपाशी, म्हणजे विंडोज आणि प्रिंटरमध्ये दुभाष्याचं काम करणाऱ्या सॉफ्टवेअरपाशी. ऑफिसातला कॉम्प्युटर बदलतो, विंडोज बदलते, आणि काल संध्याकाळपर्यंत बिलं छापणारा प्रिंटर आज 'ड्रायव्हर इज अनअव्हेलेबल' म्हणतो. मग कुणीतरी सल्ला देतं, नवा घ्या. बहुतेक वेळा त्याची गरज नसते. काम योग्य क्रमाने केलं की जुनाच प्रिंटर चालतो, आणि तो क्रम इथे दिला आहे.

हे आत्ताच मनावर घ्यायला कारण आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्येच येते. म्हणजे ३२-बिट विंडोजवर चाललेला ड्रायव्हर नव्या कॉम्प्युटरवर काहीही केलं तरी चालणार नाही. त्यात मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केलेल्या आणि नंतर सुधारलेल्या वेळापत्रकाची भर पडली. त्यानुसार जानेवारी २०२६ पासून कंपन्यांचे नवे प्रिंटर ड्रायव्हर विंडोज अपडेटवर चढणार नाहीत. जुलै २०२६ पासून ड्रायव्हर निवडताना विंडोज स्वतःच्या आयपीपी ड्रायव्हरला (आयपीपी म्हणजे नेटवर्कवरून छापण्याची सर्वमान्य पद्धत) पहिली पसंती देईल. जुलै २०२७ नंतर कंपन्यांच्या ड्रायव्हरमध्ये सुरक्षेच्या दुरुस्त्या सोडून दुसरे बदल त्या वाटेने येणार नाहीत. याचा अर्थ तुमचा चालू ड्रायव्हर पुसला जाईल असा नाही, आणि कंपनीच्या साइटवरून उतरवलेला ड्रायव्हर टाकायलाही बंदी नाही. पण 'केबल जोडली की विंडोज बघून घेईल' या भरवशावर जुन्या प्रिंटरचं काम इथून पुढे चालणार नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. मेनू, फाइली आणि आज्ञांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. कॉम्प्युटरवर ती रोमन अक्षरांतच टाइप करायची.

हाताशी काय हवं

- अॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड. तो नसेल तर पुढे वाचण्याआधी तो मिळवा.
- प्रिंटरचं पूर्ण मॉडेल नाव. समोरचा मोठा आकडा पुरत नाही, मागच्या किंवा खालच्या लेबलवरची पुढची अक्षरंही हवीत.
- जुना कॉम्प्युटर, अजून चालू असेल तर. तो फॉरमॅट करायला देऊ नका.
- सेव्हन-झिपसारखं फाइल उलगडणारं साधन.
- यूएसबी केबल, शक्यतो दोन मीटरच्या आतली. प्रिंटर नेटवर्कवर असेल तर त्याचा आयपी पत्ता.
- एक पेन ड्राइव्ह किंवा सामायिक फोल्डर, जिथे ड्रायव्हर कायमचे राहतील.

१. काही काढण्याआधी चालू स्थिती टिपून घ्या

जुन्या कॉम्प्युटरवरून प्रिंट येत असेल तर पहिलं काम तिथेच करा. प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'प्रिंट टेस्ट पेज' दाबा. त्या पानावर ड्रायव्हरचं नाव, आवृत्ती, पोर्टचं नाव, डेटा फॉरमॅट आणि 'एन्व्हायर्नमेंट' म्हणजे ३२-बिट की ६४-बिट, हे सगळं छापून येतं. पुढच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्या कागदावर असतात, म्हणून तो फाइलला लावून ठेवा.

दुसरं पान खुद्द प्रिंटरकडून घ्या, कॉम्प्युटरशिवाय. लेझरजेटच्या बऱ्याच छोट्या मॉडेलांत 'गो' बटण पाचेक सेकंद दाबून धरलं की कॉन्फिगरेशन पान येतं. एप्सनच्या एलएक्स किंवा एलक्यू डॉट मॅट्रिक्सवर 'एलएफ/एफएफ'पैकी एक बटण दाबून धरून प्रिंटर चालू केला की तो स्वतःची चाचणी छापू लागतो. हेही पान खराब आलं तर दोष यंत्रात आहे. ड्रायव्हर बदलत बसून दिवस वाया घालवू नका.

जुना कॉम्प्युटर ६४-बिट असेल तर ड्रायव्हर तिथूनच उचलता येतो. कंपनीच्या साइटवरून तो गायब झालेला असला तरी तुमच्या मशीनमध्ये त्याचं पूर्ण पॅकेज असतं. अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि 'पीएनपीयूटिल /एनम-ड्रायव्हर्स' द्या. यादीत प्रिंटर वर्गातल्या नोंदी शोधा. प्रत्येकीला ओईएम१२.आयएनएफ असं काहीतरी नाव असतं. मग 'पीएनपीयूटिल /एक्सपोर्ट-ड्रायव्हर', पुढे ते नाव आणि पुढे आधीच तयार केलेल्या फोल्डरचा पत्ता. फाइली तिथे येऊन पडतात. जुन्या प्रिंटरच्या बाबतीत या पाच मिनिटांच्या कामाइतकं मोलाचं दुसरं काही नाही, आणि लोक नेमकं हेच करायचं विसरतात.

विंडोज प्रो असेल आणि बरेच प्रिंटर असतील तर 'प्रिंट मॅनेजमेंट' उघडून 'मायग्रेट प्रिंटर्स'मधून सगळ्या क्यू (विंडोजमधल्या त्या त्या प्रिंटरच्या कामांच्या रांगा), पोर्ट आणि ड्रायव्हर एकाच फाइलमध्ये बाहेर काढता येतात. होम आवृत्तीत ही सोय मिळत नाही.

२. प्रिंटर कोणती भाषा बोलतो ते शोधा

मॉडेलचं नाव टाकून 'ड्रायव्हर डाउनलोड' शोधायला सगळेच सुरुवात करतात. त्याआधी एक प्रश्न विचारा: या प्रिंटरला पान कोणत्या भाषेत सांगावं लागतं? उत्तर मिळालं की पुढची वाट आपोआप ठरते.

पहिला गट पीसीएल आणि पोस्टस्क्रिप्टवाल्यांचा. हे प्रिंटर पान स्वतः रचतात. पीसीएल ५, पीसीएल ६, पोस्टस्क्रिप्ट या ठरलेल्या भाषा असल्यामुळे नेमक्या मॉडेलचा ड्रायव्हर नसला तरी त्याच भाषेचा दुसरा चालतो. वीस वर्षं जुना नेटवर्क लेझर प्रिंटर आजही चालतो तो याच गुणामुळे. कॉन्फिगरेशन पानावर 'पर्सनॅलिटीज' किंवा 'लँग्वेजेस' या शब्दाजवळ पीसीएल, पीएस असं लिहिलेलं असेल तर निम्मं काम झालं.

दुसरा गट होस्ट-बेस्ड प्रिंटरांचा. यांच्यात पान रचण्याची अक्कल नसते. कॉम्प्युटरवरचा ड्रायव्हर सगळं पान ठिपक्यांत रूपांतरित करतो आणि कंपनीच्या खासगी भाषेत पाठवतो. माहितीपत्रकात जीडीआय, होस्ट-बेस्ड, कॅननचं कॅप्ट किंवा यूएफआर टू एलटी, सॅमसंगचं एसपीएल असे शब्द दिसले की समजा, या प्रिंटरला त्याचाच ड्रायव्हर लागणार. दुसऱ्याचा चालणार नाही, युनिव्हर्सलही नाही. कॅनन एलबीपी २९०० आणि एचपी लेझरजेट १०२० हे दोन सर्वांच्या ओळखीचे प्रिंटर याच गटातले.

लेझरजेट १०२० ची आणखी एक गंमत लक्षात ठेवा. त्याचं फर्मवेअर, म्हणजे प्रिंटर चालवणारा आतला प्रोग्राम, त्याच्या पोटात कायमचं राहत नाही. दर वेळी प्रिंटर चालू झाला की कॉम्प्युटरवरचा ड्रायव्हर ते यूएसबीतून त्याच्यात भरतो. वीज जाऊन आली आणि फर्मवेअर पोचलं नाही, तर दिवा हिरवा असतो, क्यूमधून काम निघून गेल्यासारखं दिसतं, आणि कागद मात्र हलत नाही. अशा वेळी ड्रायव्हर काढून पुन्हा टाकायची घाई करू नका. कॉम्प्युटर पूर्ण सुरू होऊ द्या, मग प्रिंटर बंद करून चालू करा. याच कारणाने हा प्रिंटर बाजारात मिळणाऱ्या साध्या यूएसबी प्रिंट-सर्व्हरच्या डबीवर बहुधा चालत नाही. ती डबी फर्मवेअर भरायला जात नाही.

तिसरा गट डॉट मॅट्रिक्सचा. ९ सुयांचे ईएससी/पी आणि २४ सुयांचे ईएससी/पी२, आणि त्यांची भाषा बोलणारे इतर कंपन्यांचे प्रिंटर. यांना ड्रायव्हर मिळवणं सोपं असतं. अडचण कागदाच्या मापात येते, ती सातव्या पायरीत.

भाषा चुकली तर प्रिंटर ते कागदावर लिहून दाखवतो. पानाच्या डोक्यावर टक्क्याचं चिन्ह, उद्गारचिन्ह आणि 'पीएस-अॅडोबी' असं छापून खाली पानंच्या पानं मजकूर येऊ लागला, तर पोस्टस्क्रिप्टचा ड्रायव्हर पोस्टस्क्रिप्ट न कळणाऱ्या प्रिंटरला लावला आहे. 'एचपी-पीसीएल एक्सएल' ही अक्षरं आली तर पीसीएल ५ वाल्याला पीसीएल ६ चा ड्रायव्हर दिला आहे. '१२३४५एक्स@पीजेएल' दिसलं तर पीजेएल, म्हणजे प्रिंटरला कामाच्या सूचना देणारी भाषाच न समजणाऱ्या यंत्राकडे ते गेलं आहे. अशी कचरा-पानं सुरू झाली की आधी कागदाचा ट्रे ओढून काढा, मग क्यू रिकामी करा. नाहीतर अर्धा रीम त्यातच जातो.

३. ड्रायव्हर कुठून घ्यायचा

क्रम असा ठेवा. पहिल्या पायरीत काढून ठेवलेलं पॅकेज असेल तर तेच. नसेल तर कंपनीची साइट. तिथे विंडोज ११ च्या नावाने काही दिसलं नाही तर निराश होऊ नका, विंडोज १०, ८.१ किंवा ७ चा ६४-बिट ड्रायव्हर बघा. टाइप ३ म्हणून ओळखले जाणारे प्रिंटर ड्रायव्हर विंडोज २००० च्या काळापासून एकाच मुळावर उभे आहेत आणि विंडोज ७ चा ६४-बिट ड्रायव्हर विंडोज ११ वर चालतो, असं पुष्कळदा घडतं. चालत नाही तो ३२-बिटचा. आणि तुमचा नवा लॅपटॉप आर्म प्रोसेसरचा असेल तर हे सगळे ड्रायव्हर बाद. त्याला आर्म६४ चा वेगळा लागतो. जुन्या प्रिंटरांसाठी तो क्वचितच निघालेला असतो.

कंपनीकडे नसेल तर विंडोजच्या आतली यादी. प्रिंटर जोडताना 'अॅड मॅन्युअली', मग 'मॅन्युअल सेटिंग्ज' घ्या. पोर्ट निवडल्यावर कंपन्या आणि मॉडेलांची यादी येते. तिथलं 'विंडोज अपडेट' बटण दाबलं की यादी बरीच वाढते. ती यायला कित्येक मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ खिडकी गोठल्यासारखी दिसते. बंद करू नका, थांबा.

पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्टवाल्यांना युनिव्हर्सल ड्रायव्हरचा मार्ग आहे. एचपीचा युनिव्हर्सल प्रिंट ड्रायव्हर, झेरॉक्सचा ग्लोबल, कॅननचा जेनेरिक प्लस. तेही नको असेल तर यादीत मायक्रोसॉफ्टच्या नावाखाली 'पीसीएल६ क्लास ड्रायव्हर' आणि 'पीएस क्लास ड्रायव्हर' असतात. साध्या पत्रव्यवहाराला ते पुरतात. स्टेपल, ट्रे निवड असली कामं त्यात मिळतीलच असं नाही.

ड्रायव्हर अपडेट करून देतो म्हणणारी फुकट सॉफ्टवेअरं आणि अनोळखी डाउनलोड साइटींपासून दूर राहा. प्रिंटर ड्रायव्हर अॅडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने बसतो. त्याच्या नावाखाली काय आत येतंय हे तुम्हाला कळणार नाही. उतरवलेल्या फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स' हा टॅब आहे का आणि तिथे कंपनीचंच नाव आहे का, एवढं तरी बघाच.

आता नेहमीचा सापळा. सेटअप चालवलं की 'ही ऑपरेटिंग सिस्टिम सपोर्टेड नाही' असा संदेश येऊन सगळं थांबतं. पुष्कळदा हा नकार फक्त सेटअप प्रोग्रामचा असतो, आतला ड्रायव्हर ठीक असतो. सेटअपची फाइल सेव्हन-झिपने उलगडा. आत .आयएनएफ फाइली मिळतील, ड्रायव्हर कसा बसवायचा ते विंडोजला सांगणाऱ्या. त्यातली प्रिंटरची फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि 'एनटीएएमडी६४' हा शब्द शोधा. सापडला तर ड्रायव्हर ६४-बिट आहे. नावात एएमडी असलं तरी इंटेलच्या प्रोसेसरलाही तोच लागतो. फक्त 'एनटीएक्स८६' असेल तर तो ३२-बिट, सोडून द्या. ६४-बिट असेल तर मघाच्या यादीत 'हॅव डिस्क' दाबून त्या फाइलचा पत्ता द्या.

एक मात्र करू नका: त्या फाइलमध्ये आपल्या मॉडेलचं नाव हाताने घुसडणं. एक अक्षर बदललं तरी स्वाक्षरी तुटते आणि फाइलचा हॅश (ओळखीचा ठसा) कॅटलॉगशी जुळत नाही असं सांगून विंडोज ती नाकारते. त्यावर उपाय म्हणून स्वाक्षरीची तपासणी बंद करायला सांगणारे सल्ले सर्रास मिळतात. ऑफिसच्या मशीनवर ते करू नये. एका प्रिंटरसाठी घराची कडी काढून ठेवल्यासारखं आहे ते.

४. आधीचे अवशेष साफ करा

दोनतीनदा प्रयत्न झालेल्या मशीनवर अर्धवट ड्रायव्हर साचलेले असतात आणि नवा टाकला तरी विंडोज जुनाच उचलते. सेटिंग्जमधून प्रिंटर 'रिमूव्ह' केल्याने ड्रायव्हर जात नाही, फक्त क्यू जाते.

रन खिडकीत 'प्रिंटयूआय /एस /टी२' टाइप करा. प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीजचा 'ड्रायव्हर्स' टॅब उघडेल. जुनी नोंद निवडा, 'रिमूव्ह' दाबा आणि दोन पर्यायांतला 'ड्रायव्हर अँड ड्रायव्हर पॅकेज' घ्या. नुसता 'ड्रायव्हर' घेतलात तर पॅकेज मागे राहतं आणि केबल जोडताच तोच परत बसतो. पॅकेज काढण्याआधी ते पहिल्या पायरीप्रमाणे बाहेर काढून ठेवलंय ना, हे मात्र बघा.

'ड्रायव्हर वापरात आहे' असं म्हणून काढू देत नसेल तर तो ड्रायव्हर वापरणारी प्रत्येक क्यू काढा, 'कॉपी १' वगैरे धरून. मग सर्व्हिसेसमध्ये 'प्रिंट स्पूलर' (छपाईची कामं सांभाळणारी विंडोजची सेवा) बंद करून चालू करा आणि दुसऱ्या कुणी काही छापायच्या आत लगेच रिमूव्ह दाबा.

अडकून पडलेली कामं जात नसतील तर स्पूलर बंद करून विंडोजच्या सिस्टम३२ मधल्या 'स्पूल' फोल्डरात 'प्रिंटर्स' नावाचा फोल्डर उघडा आणि आतल्या फाइली पुसा. फोल्डर पुसू नका. शेजारच्या 'ड्रायव्हर्स' फोल्डरला तर हातच लावू नका. मग स्पूलर चालू करा.

५. पोर्ट नीट बघा

'ड्रायव्हर बिघडला' म्हणून येणाऱ्या तक्रारींतल्या बऱ्याच खरं तर पोर्टच्या असतात.

यूएसबी प्रिंटर नेहमी त्याच खाचेत लावा. बऱ्याच जुन्या प्रिंटरांना यूएसबीचा अनुक्रमांकच नसतो, म्हणून दुसऱ्या खाचेत लावला की विंडोजला तो नवा प्रिंटर वाटतो आणि 'कॉपी १' तयार होते. मग सगळे जुन्या क्यूला प्रिंट देत राहतात आणि ती 'ऑफलाइन' दाखवते. झाडलोट करताना केबल निघते आणि भलत्याच खाचेत जाते, त्यामुळे खाचेवर रंगीत चिकटपट्टी लावून ठेवणं हा साधा आणि पक्का उपाय आहे.

नेटवर्क प्रिंटर विंडोजने स्वतः शोधला की बहुधा 'डब्ल्यूएसडी' पोर्ट (प्रिंटर आपोआप शोधणारा) लावते. जुन्या प्रिंटरांवर तो अधूनमधून हरवतो. त्याऐवजी 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट' स्वतः तयार करा. पद्धत 'रॉ', क्रमांक ९१००. काही जुन्या प्रिंट-सर्व्हरना एलपीआर ही दुसरी पद्धत लागते, क्रमांक ५१५, आणि क्यूचं नाव माहितीपुस्तिकेतलंच द्यावं लागतं. प्रिंटरचा आयपी पत्ता मात्र कायमचा बांधून घ्या, राउटरमध्ये किंवा प्रिंटरच्या मेनूत.

प्रिंटर चालू, पिंगला उत्तर देतो, तरी विंडोज 'ऑफलाइन' म्हणते? पोर्टच्या 'कॉन्फिगर'मध्ये जाऊन 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड'ची खूण काढा. विंडोज एसएनएमपीने प्रिंटरची तब्येत विचारते, जुना प्रिंटर त्या प्रश्नाला उत्तर देत नाही, आणि विंडोज त्याला मेलेला समजते. जुन्या नेटवर्क प्रिंटरांच्या बाबतीत सर्वाधिक वेळा उपयोगी पडणारी दुरुस्ती हीच.

पॅरलल केबलचा प्रिंटर यूएसबी रूपांतरकाने जोडला तर तो एलपीटी१ (पॅरलल पोर्टचं जुनं नाव) म्हणून दिसत नाही, यूएसबी००१ सारखा दिसतो. जुना डॉस प्रोग्राम एलपीटी१ लाच छापत असेल तर प्रिंटर शेअर करा, शेअरचं नाव आठ अक्षरांच्या आत आणि बिनजागेचं ठेवा, आणि 'नेट यूज एलपीटी१' पुढे त्या शेअरचा पत्ता द्या.

६. टाकल्यावर लगेच करायच्या सेटिंग

'लेट विंडोज मॅनेज माय डीफॉल्ट प्रिंटर' बंद करा. नाहीतर शेवटी वापरलेला प्रिंटर डीफॉल्ट होतो, आणि पीडीएफ काढल्यावर पुढचं पत्र कुठे गेलं ते शोधत बसावं लागतं.

प्रॉपर्टीजमधल्या 'डिव्हाइस सेटिंग्ज' टॅबमध्ये प्रिंटरला खरोखर जे भाग आहेत ते चालू करा: दुसरा ट्रे, दोन्ही बाजूंनी छापणारं युनिट, बसवलेली मेमरी. युनिट जोडलेलं असतानाही दोन्ही बाजूंनी छापायचा पर्याय दिसत नसेल तर कारण इथेच मिळतं.

कागद ए४ करा, आणि दोन ठिकाणी करा: 'प्रिंटिंग प्रेफरन्सेस'मध्ये आणि 'अॅडव्हान्स्ड' टॅबमधल्या 'प्रिंटिंग डीफॉल्ट्स'मध्ये. पहिलं फक्त तुमच्यापुरतं असतं, दुसरं सगळ्यांसाठी. बरेच ड्रायव्हर मूळचे 'लेटर' मापावर येतात. मग प्रिंटर केशरी दिवा लुकलुकवत कागद मागत बसतो, आणि ट्रेमध्ये कागद असूनही तो का मागतोय हे कुणाला उमगत नाही.

देवनागरी मजकुरात जोडाक्षरं फुटली, मात्रा सरकल्या किंवा चौकोन आले, तर ड्रायव्हरच्या अॅडव्हान्स्ड पर्यायांत ट्रूटाइप फॉन्ट बिटमॅप म्हणून पाठवण्याची किंवा 'प्रिंट टेक्स्ट अॅज ग्राफिक्स' अशी सोय शोधा. जुन्या प्रिंटरची मेमरी कमी असेल तर वेग थोडा उतरतो, पण अक्षरं पडद्यावर दिसतात तशीच येतात.

पानं अर्धवट येत असतील किंवा क्यूमध्ये काम अडकत असेल तर अॅडव्हान्स्ड टॅबमधलं 'एनेबल अॅडव्हान्स्ड प्रिंटिंग फीचर्स' काढून बघा, मग पोर्ट्स टॅबमधलं 'बायडायरेक्शनल सपोर्ट'. एका वेळी एकच बदल, आणि दर बदलानंतर एक पान.

७. डॉट मॅट्रिक्स: कागदाचं माप

नुसता इंग्रजी मजकूर आणि आकडे छापणाऱ्या प्रोग्रामला 'जेनेरिक / टेक्स्ट ओन्ली' ड्रायव्हर सर्वांत जलद. पण त्यातून देवनागरी येणार नाही, कारण तो अक्षरांचे फक्त संकेत पाठवतो आणि प्रिंटरच्या पोटात देवनागरी अक्षरं नसतात. मराठी बिलं हवी असतील तर एप्सन एलएक्स किंवा एलक्यू मालिकेचा चित्ररूपात छापणारा ड्रायव्हर घ्या.

आता पान सरकण्याची तक्रार. पहिलं बिल बरोबर, दुसरं किंचित वर, दहावं बिल थेट छिद्रांच्या रेषेवर. कारण साधं आहे. ड्रायव्हरमध्ये ए४ आहे, म्हणजे २९७ मिलिमीटर, आणि कागद १२ इंची आहे, म्हणजे ३०४.८ मिलिमीटर. दर पानाला ७.८ मिलिमीटरचा फरक. दहा पानांत जवळजवळ आठ सेंटिमीटर. कुठल्याही समासाच्या सेटिंगने हे सुटणार नाही.

पट्टीने कागद मोजा, एका फाडायच्या रेषेपासून पुढच्या रेषेपर्यंत. मग 'प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज'च्या 'फॉर्म्स' टॅबमध्ये 'क्रिएट अ न्यू फॉर्म' करून तेच माप द्या, समास शून्य ठेवून, आणि फॉर्मला ओळखू येईल असं नाव द्या. पुढे हा फॉर्म तीन ठिकाणी निवडावा लागतो: डिव्हाइस सेटिंग्जमध्ये ट्रॅक्टरसमोर (ट्रॅक्टर म्हणजे छिद्रांचा कागद ओढणारा भाग), प्रिंटिंग डीफॉल्ट्समध्ये, आणि ज्या प्रोग्राममधून छापता त्याच्या पेज सेटअपमध्ये. तिसरं विसरलं की पहिली दोन केलेली असूनही पान सरकतच राहतं. टेक्स्ट ओन्लीने छापत असाल तर प्रिंटरच्या स्वतःच्या सेटिंगमधली पानाची लांबीही तीच हवी, आणि 'स्किप ओव्हर परफोरेशन' चालू आहे का तेही बघा. ते चालू असलं की दोन पानांमध्ये एक इंच जागा आपोआप सुटते.

८. इतरांना शेअर करताना

प्रिंटरला स्वतःचं नेटवर्क कनेक्शन असेल तर शेअर करूच नका. प्रत्येक कॉम्प्युटरवर थेट टीसीपी/आयपी पोर्टने टाका. कमी भानगडी होतात.

यूएसबीच असेल तर शेअरिंगला पर्याय नाही. जुलै २०२१ मध्ये 'प्रिंट नाइटमेअर' नावाने गाजलेली स्पूलरमधली त्रुटी उघड झाली आणि ऑगस्ट २०२१ च्या अपडेटपासून शेअरवरून ड्रायव्हर उतरवायला अॅडमिनिस्ट्रेटर लागू लागला. म्हणून कर्मचाऱ्याने शेअरवर क्लिक केलं की पासवर्ड मागितला जातो. उपाय म्हणून रजिस्ट्रीतली ती अट शून्य करायला सांगतात. करू नका. त्याच ड्रायव्हरची तीच आवृत्ती प्रत्येक मशीनवर आधी अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून टाकून ठेवा, मग शेअर जोडा.

ज्याच्या क्रमांकाच्या शेवटी ११बी आहे असा एरर आला तर दोन्ही मशीनच्या विंडोज अपडेट पूर्ण करा. तरीही राहिला तर वेगळी वाट आहे: 'लोकल पोर्ट' निवडा, पोर्टचं नाव म्हणून शेअरचा पूर्ण पत्ता द्या आणि ड्रायव्हर स्थानिक निवडा. हे सहसा चालतं आणि सुरक्षेची कुठलीही कडी काढावी लागत नाही.

विंडोज ११ प्रो, आवृत्ती २४एच२ पासून पासवर्ड नसलेले शेअर सहसा उघडत नाहीत. प्रिंटर जोडलेल्या मशीनवर छपाईसाठी एक साधा वापरकर्ता पासवर्डसह तयार करा आणि इतर मशीनच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये त्याची नोंद करा. त्या मशीनचं स्लीपही बंद ठेवा.

एकाच मशीनवर चारपाच प्रिंटर असतील आणि जुन्या ड्रायव्हरमुळे स्पूलर वारंवार बसत असेल, तर प्रिंट मॅनेजमेंटमध्ये त्या ड्रायव्हरवर राइट क्लिक करून 'सेट ड्रायव्हर आयसोलेशन'मध्ये 'आयसोलेटेड' निवडा. तो वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतो आणि कोसळला तरी बाकीच्यांना घेऊन पडत नाही.

९. ६४-बिट ड्रायव्हर निघालेलाच नसेल तर

होस्ट-बेस्ड प्रिंटर असेल तर लिनक्सकडे वळा. एखाद्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स आणि सीयूपीएस (लिनक्सवरची छपाईची यंत्रणा) टाका, प्रिंटर त्याला जोडा, ब्राउझरमध्ये त्याचा ६३१ क्रमांकाचा पोर्ट उघडून प्रिंटर शेअर करा. विंडोजच्या मशीनना तो आयपीपी प्रिंटर म्हणून दिसतो आणि विंडोजचा स्वतःचाच ड्रायव्हर पुरतो. खासगी भाषेत रूपांतर लिनक्स करतं. लेझरजेट १०२० सारख्यांसाठी 'एचपीलिप' हे एचपीचं लिनक्सवरचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर आहे, मात्र त्याचं प्लगइन वेगळं उतरवावं लागतं, फर्मवेअर त्यातच असतं. कॅननच्या कॅप्ट प्रिंटरांचा कंपनीचा लिनक्स ड्रायव्हर साध्या इंटेल-एएमडी मशीनवरच चालतो. आर्मवर चालणारी छोटी बोर्डं त्यासाठी घेऊ नका.

जुनी विंडोज ठेवून तिच्यावरूनच छापायचं ठरवलं, तर ते मशीन इंटरनेटपासून पूर्ण तोडा. विंडोज ७ ला जानेवारी २०२० पासून सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत. फाइल पीडीएफ करून पेन ड्राइव्हने नेणं कंटाळवाणं असलं तरी महिन्याला दहावीस पानांसाठी चालून जातं. रोज शंभर पानं असतील तर त्या प्रिंटरला निरोप द्यावा, हे माझं स्पष्ट मत आहे.

१०. चालू झालेलं बिघडू नये म्हणून

'डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज'मध्ये आपोआप ड्रायव्हर आणण्याला 'नो' करा. ग्रुप पॉलिसी असेल तर विंडोज अपडेटमधून ड्रायव्हर वगळण्याचा पर्याय तिथेही आहे.

विंडोज ११ च्या २४एच२ मध्ये 'विंडोज प्रोटेक्टेड प्रिंट मोड' आला आहे. तो मुळात बंद असतो. सुरक्षेच्या दृष्टीने चांगला आहे, पण चालू करताच कंपन्यांच्या ड्रायव्हरवर चालणारे प्रिंटर निघून जातात, आणि पुन्हा बंद केला तरी ते परत टाकावे लागतात. जुने प्रिंटर असलेल्या ऑफिसात त्या बटणाला हात लावू नये, हे सर्वांना सांगून ठेवा.

सामायिक फोल्डरात प्रत्येक प्रिंटरचा वेगळा फोल्डर करा: ड्रायव्हरचं पॅकेज, चाचणी पानाचं स्कॅन आणि एक छोटी टिपणाची फाइल. टिपणात मॉडेल, भाषा, ड्रायव्हरचं नाव आणि आवृत्ती, पोर्ट किंवा आयपी पत्ता, काढलेल्या-घातलेल्या खुणा आणि तारीख. प्रिंटरच्या झाकणाच्या आत त्या फोल्डरचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी चिकटवा. पुढच्या वेळी प्रिंटर अडेल तेव्हा कदाचित तुम्ही सुट्टीवर असाल, आणि झाकण उघडणारा माणूस दुसराच असेल.